शब्द मोजायच्या आधी अक्षरं मोजा: मराठी टेक्स्ट फाईल आणि पाच ओळींची स्क्रिप्ट

प्रश्न थोडक्यात असा, की आत्याच्या वहीतल्या जात्यावरच्या ओव्या नोटपॅडमध्ये टाईप करून झाल्यात, आता कुठला शब्द किती वेळा आलाय ते बघायचंय, त्यासाठी नेटवरची पायथॉनची छोटी स्क्रिप्ट चालवली तर यादीत वरतीच 'त', 'य', 'ल' अशी सुटी अक्षरं आली, 'पाणी' हा शब्द सापडतच नाही, आणि 'घर' मात्र वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसतंय. चुकलं कुठे?

तुमचं काही चुकलेलं नाही, आणि फाईलही बिघडलेली नाही. ती स्क्रिप्ट इंग्रजी मजकूर डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहे. त्यात शब्द ओळखायला जो रेगेक्स (मजकुरात काय शोधायचं ते सांगणारा सांकेतिक पॅटर्न) वापरलाय, बॅकस्लॅश डब्ल्यू आणि पुढे प्लस, तो पायथॉनच्या नेहमीच्या 'आरई' मॉड्यूलमध्ये फक्त अक्षर, आकडा आणि अंडरस्कोर यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपला काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्त चिन्ह, हे सगळे युनिकोडच्या हिशोबात 'मार्क' आहेत, अक्षर नाहीत, म्हणून तिथे शब्द तुटतो. 'पाणी'चं 'प' आणि 'ण' होतं, 'विद्यार्थी'चे तर पाच तुकडे पडतात. पण 'घर' या शब्दात एकही मात्रा नाही, त्यामुळे तो शाबूत राहतो, आणि वर 'घरात'मधूनही 'घर' सुटा पडतो, 'घरी'मधूनही, 'घराला'मधूनही, म्हणून त्याचा आकडा फुगलाय. हे नीट लक्षात घ्या, कारण सुटी अक्षरं बघून चूक लगेच कळते पण फुगलेला 'घर' बघून कळत नाही, तो आकडा अगदी खरा वाटतो.

मी गेली बरीच वर्षं मराठी मजकुरावर हेच काम करतो, आणि माझं एकच सांगणं आहे: शब्द मोजायच्या आधी फाईलमधली अक्षरं मोजा. शब्द मोजणारी स्क्रिप्ट पाच ओळींची आहे, ती कुणालाही लिहिता येते, सगळा वेळ जातो तो फाईलमध्ये नक्की काय टाईप झालंय ते समजून घेण्यात.

हे करायचं कसं तर, फाईल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाईलमध्ये कुठल्या पद्धतीने साठवलीत ते, स्पष्ट सांगायचं, यूटीएफ-८-सिग. विंडोजवर हे सांगितलं नाही तर पायथॉन बऱ्याचदा जुनं विंडोजचं एन्कोडिंग धरतं, मग एकतर एरर येते किंवा देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग. 'सिग' एवढ्यासाठी, की नोटपॅड कधीकधी फाईलच्या सुरुवातीला बीओएम नावाचं न दिसणारं चिन्ह ठेवतं आणि ते पहिल्या शब्दाला चिकटून बसतं. सिग लावलं की ते निघून जातं, नसलं तरी काही बिघडत नाही. मग 'कलेक्शन्स'मधला 'काउंटर' इम्पोर्ट करा आणि सगळा मजकूर जसाच्या तसा त्याच्या हातात द्या. स्ट्रिंग दिली की तो एकेक अक्षर मोजतो. आलेल्या यादीतल्या प्रत्येक अक्षरासमोर 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधल्या 'नेम' फंक्शनने त्याचं नाव छापा. या फंक्शनला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरू नका, कारण नव्या ओळीच्या चिन्हाला युनिकोडमध्ये नाव नाही आणि तिथे स्क्रिप्ट एरर देऊन थांबते.

ही यादी शंभराच्या आतबाहेर असते, एका पानावर मावते. ती शेवटापासून वर वाचत या, कमी वेळा आलेली चिन्हं आधी. बहुतेक भानगडी तिथेच असतात.

सगळ्यात आधी बघा 'झिरो विड्थ जॉइनर' आहे का. आपल्या भाषेत याचं महत्त्व फार आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'शेतकऱ्याच्या' यातला जो अर्धा र आहे तो दोन तऱ्हांनी टाईप होतो. एक म्हणजे खालती बिंदू असलेला 'ऱ' आणि त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे हा न दिसणारा जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द आहेत आणि तो ते वेगवेगळे मोजतो. निम्म्या ओव्या लॅपटॉपवर आणि निम्म्या मोबाईलवर टाईप केल्या असतील तर असं व्हायची शक्यता खूपच. खालचा बिंदू, म्हणजे नुक्ता, सुटा टाईप झाला असेल तर 'युनिकोडडेटा'मधल्या 'नॉर्मलाइझ'ला 'एनएफसी' सांगितलं की तो 'र'ला जोडून एकच 'ऱ' करतो, पण जॉइनरवाल्या रूपाला नॉर्मलाइझ हात लावत नाही, ते 'रिप्लेस' करून आपणच बदलायचं.

इथे क्रम चुकवू नका. बऱ्याच जणांना वाटतं की जॉइनर दिसत नाही म्हणजे कचरा आहे, काढून टाका. मीही एकदा तसंच केलं होतं, एका संस्थेसाठी शब्दसूची करताना, आणि यादीत 'दर्या' बरेच आले. मजकूर सह्याद्रीतल्या वाटांबद्दलचा, त्यात समुद्राचा संबंध नव्हता. जॉइनर काढल्यावर सगळ्या 'दऱ्या' जाऊन 'दर्या' झाला होता, र वर चढून रफार झाला. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांचं तसंच. यादी गेल्यानंतर ते माझ्या लक्षात आलं आणि सगळी परत करून द्यावी लागली. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी 'र, हलन्त, जॉइनर' यांच्या जागी 'ऱ, हलन्त' घालायचं, आणि ते झाल्यावरच उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (तेही न दिसणारंच, पण अक्षरं जोडू न देणारं चिन्ह) काढायचे.

दुसरं, विसर्ग. अक्षरांच्या यादीत इंग्रजी कोलन किती आलेत ते बघा. मराठी टाईप करणारे असंख्य लोक 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी कोलन मारतात, दिसायला सारखंच दिसतं, पण कोलन हे विरामचिन्ह असल्यामुळे शब्द फुटतो आणि यादीत 'दु' आणि 'ख' असे दोन अनाथ तुकडे येतात. ओव्यांमध्ये दुःख हा शब्द तुम्हाला मोजायचा असणारच, कुणालाही असेल. दोन देवनागरी अक्षरांच्या मधे जागा न सोडता कोलन आला असेल तर तो विसर्ग समजून बदलायला हरकत नाही. 'स्वतः'सारख्या शब्दाच्या शेवटी आलेला कोलन मात्र हाताने तपासा, कारण 'तो म्हणाला' याच्यापुढे येणारा कोलन खराच कोलन असतो.

तिसरं, 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक 'अ'वर अर्धचंद्र देऊन काम भागवायचे आणि अजूनही काही कीबोर्ड तेच करतात, शिवाय हिंदी वळणाचा 'ऍ' आहेच. तीन रूपं, आणि नॉर्मलाइझ यांना एक करत नाही. ओव्यांमध्ये ॲ फारसा येणार नाही, पण पुढेमागे वर्तमानपत्राचा मजकूर मोजायला घेतलात तर 'ॲप', 'ॲडमिशन' यांच्यासाठी लागेल.

आणि अक्षरांच्या यादीत देवनागरी जवळजवळ नाहीच, सगळी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं आहेत असं दिसलं, तर तो मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला आहे, त्यात देवनागरी फक्त दिसते, आत नसते. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. तुमचं नोटपॅडमधलं आहे म्हणजे हा त्रास नसावा.

आता मोजणी. शब्द ओळखायचा नवा पॅटर्न असा बनवा, की चौकटी कंसात दोन पट्टे द्यायचे, ०९०० ते ०९६३ आणि ०९७१ ते ०९७एफ, पुढे प्लस. देवनागरीचा सगळा ब्लॉक ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे, मग मधला तुकडा का सोडला? कारण ०९६४ आणि ०९६५ हे दंड आणि दुहेरी दंड आहेत, त्यापुढे आपले शून्य ते नऊ आकडे आणि मग संक्षेपाचं चिन्ह. अख्खा ब्लॉक घेतलात तर ओवीच्या शेवटचा दंड शब्दाला चिकटतो, आणि 'पाणी' वेगळं, दंडासकट 'पाणी' वेगळं मोजलं जातं. जुन्या पोथ्यांच्या फाईलमध्ये हे हमखास होतं. स्क्रिप्टमध्ये हे कोड बॅकस्लॅश, छोटा यू आणि चार आकडे असे लिहायचे, आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच, मी इथे मराठीत लिहिलेत तसे टाईप केले तर चालणार नाही. हा पॅटर्न 'फाइंडऑल'ला द्या, येणारी यादी 'काउंटर'ला द्या, आणि 'मोस्ट कॉमन' म्हणून किती हवेत तो आकडा. झालं, स्क्रिप्ट एवढीच. इंग्रजीसारखं सगळं लोअरकेस करायची पायरी आपल्याला लागत नाही, आपल्यात लहान-मोठी अक्षरं नाहीतच. (पॅटर्नच्या भानगडीत पडायचं नसेल तर 'रेगेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल इन्स्टॉल करा, त्याला मात्रा शब्दाच्या आतच असतात हे माहीत आहे आणि तिथे बॅकस्लॅश डब्ल्यू चालतं. मला स्वतःला पट्टा लिहिलेला आवडतो, काय घेतलं आणि काय सोडलं ते डोळ्यासमोर राहतं.)

ओव्यांसाठी एक खास गोष्ट, अवग्रह. गळ्यात सूर लांबवलेला दाखवायला 'बाईऽ' किंवा 'बाईऽऽ' असं टाईप केलं असेल तर ते 'बाई'पासून वेगळं मोजलं जाईल, कारण अवग्रह त्या पट्ट्यात बसतो. मोजण्यापुरता तो काढून टाका, पण मूळ फाईलमध्ये राहू द्या, आत्याने जसं म्हटलं तसं ते तिथे आहे. नियम म्हणूनच पाळा, साफसफाई नेहमी स्क्रिप्टच्या आत, मूळ फाईलला हात नाही.

काही जण म्हणतील एवढं कशाला, सरळ मजकुरावर 'काउंट' मारा आणि शब्द द्या. ते करू नका. तो फंक्शन शब्द शोधत नाही, अक्षरांची रांग शोधतो. 'तर' शोधलात तर 'नंतर', 'इतर', 'उत्तर', 'अंतर', 'तरी' सगळे धरले जातात. 'पण' शोधलात तर 'आपण', 'पणती', 'अर्पण'.

लिनक्सवाले मित्र दुसरा उपाय सांगतील, कमांड एकापुढे एक जोडायचा. त्याची गोष्ट खरंच छान आहे, १९८६ साली कॉम्प्युटरशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी हाच प्रश्न तशाच नामवंत डोनाल्ड क्नूथ यांना घातला होता, फाईलमधले सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द काढा, क्नूथ यांनी त्यासाठी पानंच्या पानं देखणा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यावर अभिप्राय देताना डग मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा कमांडच्या एका साखळीत करून दाखवलं: टीआर, परत टीआर, सॉर्ट, युनिक, परत सॉर्ट, सेड. ती साखळी आजही चालते, पण तिची पहिली कडी ए ते झेड सोडून बाकी सगळं फेकून देते, म्हणजे तुमच्या फाईलमधलं काहीच उरणार नाही. आणि लिनक्सवरचा टीआर एकेका बाइटने काम करतो, आपलं प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, 'पाणी' म्हणजे बारा बाइट, त्यामुळे त्याला देवनागरी पट्टा देऊनही उपयोग नाही. आधी पायथॉनने प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर काढून घ्या, मग पुढे सॉर्ट आणि युनिक खुशाल लावा.

आता खरा प्रश्न, जो स्क्रिप्ट सोडवत नाही. समजा सगळं साफ झालं आणि यादीत 'पाणी' आलं, पण 'पाण्यात', 'पाण्याला', 'पाण्याचं', 'पाण्यावर' हे सगळे वेगवेगळ्या ओळींवर आले. स्क्रिप्टच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण तुम्हाला जर विचारायचं असेल की ओव्यांमध्ये पाणी किती वेळा येतं, तर हे सगळं पाणीच आहे. इंग्रजीत 'पाण्यात' हे दोन शब्द असतात, आपण प्रत्यय चिकटवतो आणि त्याआधी शब्दाचं सामान्यरूप करतो, म्हणून एकाच नामाची डझनभर रूपं सहज होतात. पहिली कल्पना सुचते ती अशी, की 'पाण'ने सुरू होणारे सगळे धरावेत. मग 'पाणउतारा' येतो, 'पाणबुडी' येते, 'पाणकोंबडी'ही येते. आणि ओव्यांची भाषा पुस्तकी नाही, तिथे 'पानी' असणार, 'पान्याला' असणार. 'पान'ने सुरू होणारे धरले की विड्याचं पान आलं, झाडाची पानं आली. 'पान्'पर्यंत आवळलं तरी 'पान्हा' येतो, आणि लेकरासाठी फुटलेला पान्हा ओव्यांमध्ये असायचाच, तो पाण्याच्या खात्यात गेला तर तुमच्या मोजणीचा अर्थच बदलला.

याला नेटवर तयार स्टेमर मिळतील, ते शेवटचे प्रत्यय कापतात. बातम्यांच्या मजकुरावर बरे चालतात, पण बोलीवर मी तरी विसंबत नाही. शेवटचा 'च' कापायला गेलात तर 'पाणीच'चं 'पाणी' होतं ते ठीक, पण 'पाच'चा 'पा' होतो आणि 'काच'ची 'का'. शेवटचा 'ही' कापला तर 'नाही' गेलं. तुमच्यासारख्या लहान संग्रहाला हाताने केलेलं कोष्टक सगळ्यात चांगलं: आलेली पूर्ण यादी एकदा शांतपणे वाचायची, ज्या रूपांमध्ये रस आहे त्यांच्यासमोर मूळ शब्द लिहायचा, आणि स्क्रिप्टला ती जोडी डिक्शनरी म्हणून द्यायची. यादी मोठी दिसेल, पण घाबरू नका, कुठल्याही मजकुरात मोजके शब्द सतत येतात आणि प्रचंड संख्येने शब्द एकदाच येतात, झिफचा नियम म्हणतात तो हाच, आणि प्रत्ययांमुळे मराठीत एकदाच येणाऱ्यांची शेपटी आणखी लांब होते. तुम्हाला पाणी, सासर, माहेर, भाऊ असे वीस-पंचवीस शब्द हवे असतील तर एका दुपारचं काम आहे. शेजारी आत्याला बसवा, 'पान्याला' म्हणजे कुठल्या पानाला की पाण्याला हे ती न अडखळता सांगेल.

आणि नुसता आकडा काढू नका, ज्या ओळीत शब्द आला ती ओळही सोबत छापा. डिक्शनरीत शब्द डावीकडे, म्हणजे 'की' म्हणून ठेवायचा आणि त्यासमोर ओळींची यादी, दोन ओळी वाढतात स्क्रिप्टमध्ये. तसंच दोन वेगळे आकडे काढा, एकूण किती वेळा आला आणि किती ओव्यांमध्ये आला. ओवीत एकच शब्द दोनतीनदा फिरून येतो, 'बाई', 'गं', 'माझ्या' हे तर पालुपदासारखे येतात, त्यामुळे एकूण आकडा त्यांच्याच बाजूला झुकतो. दोन ओव्यांमध्ये एक रिकामी ओळ सोडली असेल तर तिथे तोडायचं, प्रत्येक ओवीतल्या शब्दांचा 'सेट' करायचा, म्हणजे दुबार शब्द गळतात, आणि ते सेट मोजायचे.

तपासणी केल्याशिवाय आकडे कुणाला देऊ नका. कुठल्याही वीस ओळी प्रिंट काढा, पेन घ्या, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा खुणा करत दोनतीन शब्द हाताने मोजा, मग त्याच वीस ओळींची वेगळी फाईल करून स्क्रिप्टला द्या. आकडे जुळले नाहीत तर फरक कुठे पडला ते वीस ओळींत लगेच सापडतं, नऊशे ओळींत नाही सापडत. मी अजूनही प्रत्येक नव्या फाईलला हे करतो.

शेवटी यादी बाहेर काढताना. विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरी बऱ्याचदा धड दिसत नाही, तिथे बघून निष्कर्ष काढू नका, फाईलमध्ये लिहा. एक्सेलमध्ये उघडायची असेल तर सीएसव्ही लिहितानाही एन्कोडिंग यूटीएफ-८-सिगच द्या, नाहीतर एक्सेल मराठीचा चुराडा दाखवतं. आणि यादी अकारविल्हे लावायची असेल तर पायथॉनचा साधा 'सॉर्टेड' युनिकोडच्या क्रमाने लावतो, त्यात 'ळ' हा 'ल'नंतर आणि 'व'च्या आधी येतो, 'क्ष' हा 'क'मध्ये जातो आणि 'ज्ञ' हा 'ज'मध्ये. आपल्या वर्णमालेप्रमाणे 'ह'नंतर ळ, क्ष, ज्ञ हवे असतील तर 'पायआयसीयू' नावाचं मॉड्यूल इन्स्टॉल करून त्याला मराठी लोकॅल (भाषेची सेटिंग) द्या. ते इन्स्टॉल करताना विंडोजवर अडचण येते कधीकधी, तसं झालं तर आकड्यांच्या उतरत्या क्रमानेच यादी ठेवा आणि अकारविल्हे नंतर बघा. अक्षरांची यादी आली की त्यातली शेवटची तीसेक चिन्हं नावांसकट इथे टाका, मी बघून सांगतो त्यातलं काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं.